डावीकडचा ब्रेक

पोलिसांची गाडी मागे लागली की त्या गेममध्ये पळायचं असतं. जितकं पळाल तितके गुण. बाबांनी पहिल्याच दिवशी गाडी डाव्या कडेला घेतली, थांबवली आणि स्टिअरिंगवरचे हात काढून शांत बसून राहिले. पडद्यावर लाल अक्षरं आली, पकडले गेलात, रेस संपली. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "कागद न बघताच पावती फाडली. कुठलं गाव आहे हे?"

बाबांना जाऊन आता दीड वर्ष होईल. हा किस्सा मी निदान पन्नास जणांना तरी रंगवून सांगितला असेल. लोक हसतात, मीही हसते आणि तिथेच थांबते. त्याच्या पुढचं कुणाला सांगितलेलं नाही. गेल्या रविवारी माळा आवरायला काढला, जुन्या चादरीत गुंडाळलेलं ते खेळायचं स्टिअरिंग हाताला लागलं. म्हटलं, आता लिहूनच टाकू.

बाबांचा बिबवेवाडीत ड्रायव्हिंग क्लास होता. क्लास म्हणजे एक गाडी आणि एक मास्तर. तसल्या गाडीत डावीकडच्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक असतो. शिकणारा चुकला की मास्तरांनी तिकडून दाबायचा. बाबांचा उजवा पाय पस्तीस वर्षं त्या डावीकडच्या ब्रेकवर होता. शिकणाऱ्याला कळायचंही नाही. त्याला वाटायचं, वा, आपण काय वेळेवर थांबवली गाडी. चेहरा असा फुलायचा, की विचारू नका. पण बाबा तो फुललेला चेहरा फार वेळ टिकू द्यायचे नाहीत. तास संपला, गाडी कडेला लागली, की उतरायच्या आधी ते रोज सांगायचे, "आज चार वेळा मी दाबला." दुसऱ्या दिवशी, "आज तीन वेळा." मोठमोठे डॉक्टर, बँकेतले साहेब, नातवंडं झालेल्या बायका, सगळ्यांना सारखंच. एका प्राध्यापकांना ते फार लागलं होतं. "अहो, थोडं प्रोत्साहन द्या की," असं ते म्हणाले, तर बाबांनी उत्तर दिलं, "प्रोत्साहन कॉलेजात द्या. इथे समोरून ट्रक येतो."

आणि शेवटच्या दिवशी बाबा सीटवर मांडी घालून बसायचे. चप्पल खाली काढून ठेवायचे आणि दोन्ही पाय वर. म्हणजे शिकणाऱ्याला दिसलं पाहिजे की आता तिकडच्या ब्रेकवर कुणी नाही. स्वारगेटच्या चौकातून मांडी घालून जायचे. घरी आले की आईला सांगायचे, "आज मांडी घातली." एवढंच. आईला कळायचं की एक जण सुटला.

माझ्या वेळी त्यांनी मांडी घातली नाही. अठराव्या वर्षी मी त्याच गाडीत शिकले, कात्रजच्या घाटात हाफ क्लचवर गाडी धरून दाखवली, परीक्षेत आठचा आकडा एका दमात काढला, पण रोज उतरताना आपलं, "आज एकदा." मी चिडायचे. मी स्वतः ब्रेक लावलेला असायचा, वेळेवर लावलेला असायचा. "मी लावला होता ना, मग तुम्ही कशाला?" ते म्हणायचे, "तुझ्या शेजारी बसलो की पाय आपोआप जातो. मी काय करू?" पुढे नोकरी लागली, मी माझी गाडी घेतली, तिच्यात डावीकडे ब्रेक कुठला असायला, तरीही बाबा शेजारी बसले की त्यांचा उजवा पाय खालच्या मॅटवर दाबला जायचा. वीस वर्षं मी त्या पायावरून भांडले.

मग तो पायच गेला. आई जाऊन चार वर्षं झाली होती. बाबा सकाळी दाढी करत होते आणि हातातून वस्तरा पडला. झटका, उजवी बाजू. दवाखाना, सलाइन, महिनाभर अंथरूण. बोलणं परत आलं, तेही पूर्वीइतकंच तिखट. हात बराच आला. पाय आला, पण उशिरा येणारा पाहुणा असतो तसा. बोलावलं की जरा वेळाने यायचा. काठी घेऊन घरात चालायचे. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली, "काकांना आवडेल असं काहीतरी हातापायाचं द्या, नुसता बॉल दाबून कंटाळलेत ते." खरं होतं. त्या पिवळ्या बॉलकडे ते ज्या नजरेने बघायचे ती मला माहीत होती. लाल सिग्नलला हॉर्न वाजवणाऱ्याकडे ते तसं बघायचे.

मी कॉलेजात असताना गाड्यांच्या शर्यतींचे गेम वेड्यासारखी खेळायचे. शहरातल्या रस्त्यांवर, रात्रीची शर्यत, दोन्ही बाजूंना दिवे, गल्लीबोळातून शॉर्टकट. ते आठवलं. टीव्हीला जोडायचा गेमचा डबा घेतला, टेबलाला अडकवायचं स्टिअरिंग घेतलं आणि खाली ठेवायचे खरे पेडल. बाबांनी आधी नाक मुरडलं. मग पेडल बघितले, हाताने दाबून बघितले. "स्प्रिंग बरी आहे," म्हणाले. त्यांच्या तोंडून ही फार मोठी पसंती.

त्यांना बोलवायच्या आधी मी स्वतः बसून गेमची सेटिंग लावली. त्यात मदतीचा एक भाग असतो. गाडी वळणावर आपोआप सावरायची का, रस्त्यावर रंगीत रेघ दाखवायची का, आणि त्याखाली ब्रेक. ती ओळ चालू केली की वळण आलं की गेम स्वतःच गाडीचा वेग कमी करतो. तुम्ही ब्रेक उशिरा दाबा, हलका दाबा, नाहीतर दाबूच नका. पडद्यावर काही दिसत नाही. मी ती चालू केली. मला वाटलं, पहिल्याच दिवशी भिंतीवर आपटले तर स्टिअरिंगला परत हात लावणार नाहीत. चार दिवसांनी बंद करू. एवढाच विचार होता माझा, देवाशपथ.

पोलिसांपुढे गाडी उभी करण्याचा प्रकार त्याच दिवशीचा. मग हळूहळू रोज संध्याकाळचा चहा झाला की पाच वाजता बाबा स्टिअरिंगवर. मी त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम करायचे आणि कान तिकडे. त्यांचं एकट्याचं बोलणं ऐकण्यासारखं असायचं. "याला इंडिकेटर नाही? मग वळणार कसं, मनात सांगून?" गॅरेजमध्ये गाडीला रंग, मागे पंख, खाली निळे दिवे लावता येतात, त्यांनी सगळं सोडून आधी आरसे शोधले. नायट्रोचं बटण मी दाखवलं, दाबलं की गाडी एकदम सुसाट सुटते. एकदा दाबून बघितलं आणि म्हणाले, "हे बिबवेवाडीच्या चढावर पाहिजे होतं. उताराला काय कामाचं?" आणि एक मागे न्यायचं बटण असतं. आपटलात की ते दाबायचं, गाडी चार-पाच सेकंद मागे जाते, जणू काही झालंच नाही. त्याला मात्र त्यांनी हात लावला नाही. "ही सवय वाईट," म्हणाले.

पंधरा दिवसांत ते शर्यती पुऱ्या करायला लागले. महिन्यात तिसरे, दुसरे. एक दिवस पहिले आले. मी स्वयंपाकघरात होते, त्यांनी हाक मारली नाही. काठी टेकत दारापर्यंत आले आणि म्हणाले, "बाहेर ये जरा." पडद्यावर त्यांची गाडी गोल गोल फिरत होती, वर फटाके. बाबा पडद्याकडे बघत नव्हते. आपल्या उजव्या पायाकडे बघत होते. "ऐकायला लागलाय गं," म्हणाले.

तेव्हा बंद करायला हवं होतं, त्याच संध्याकाळी. पण तो चेहरा. शिकणाऱ्यांचे फुललेले चेहरे बाबांनी पस्तीस वर्षं रोज संध्याकाळी उतरवले, आणि मला एक उतरवता येईना. मी म्हटलं, "बघा, सांगत नव्हते मी?"

संक्रांतीच्या सुमारास डॉक्टरांकडे गेलो. बाबांनी त्यांना शर्यतींचं सविस्तर सांगितलं, कुठलं वळण किती वेगात. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. बाबांना बाहेर बसवल्यावर मला म्हणाले, "जेवढं सुधारायचं तेवढं सुधारलंय. पाय आता असाच राहील. गाडीचा विषय काढू देऊ नका." बाहेर आले तर बाबा बाकावर ताठ बसलेले. "काय म्हणाले?" मी म्हटलं, "सराव चालू ठेवा म्हणाले." खोटं इतकं सहज निघालं तोंडातून, माझं मलाच नवल वाटलं. घरी आल्यावर त्यांनी सराव दुप्पट केला.

एप्रिलमधल्या एका शनिवारी मी भाजी घेऊन आले तर खाली आमची क्लासची गाडी धुतलेली. नऊ महिने ती कव्हरखाली होती. बाबांनी फोन करून मेकॅनिक बोलावला होता, नवी बॅटरी टाकून घेतली होती. वर आले तर ते इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. "समोरच्या इमारतीतल्या मॅडमना शिकायचंय," म्हणाले. "सोमवारी सकाळी सात. मला काही चालवायची नाहीये, मी आपला डावीकडे. तिकडे काय, नुसता पाय हलला की झालं."

नुसता पाय हलला की झालं. समोरच्या बाई म्हणजे पन्नाशीच्या, सायकलसुद्धा न चालवलेल्या, आणि सोमवारी सकाळी सातला रस्त्यावर शाळेच्या व्हॅन. त्या बाईंचा जीव ज्या ब्रेकवर असणार होता तो बाबांचा नव्हता. तो मी सेटिंगमध्ये चालू करून दिलेला होता, आणि गाडीत सेटिंग नसतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. समोर बसून, त्यांच्या डोळ्यांत बघून. मी ते केलं नाही. मी भित्री, आणि वर शहाणी. मला वाटलं, गेमनेच सांगावं. बाबा आंघोळीला गेले तेव्हा मी ती ओळ बंद केली. मग चहा ठेवला.

पाच वाजता ते बसले. मी लॅपटॉप उघडून मान खाली घातली. रोजची शर्यत, रोजचं पहिलं वळण. गाडी सरळ गेली आणि भिंतीवर आपटली. बाबा "अरे" म्हणाले आणि परत सुरू केली. परत भिंत. तिसऱ्यांदा मी चोरून खाली बघितलं. त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला जात होता, ब्रेकवर येत होता, नीट येत होता बिचारा, पण तो येईपर्यंत वळण संपलेलं असायचं. चौथ्यांदा, पाचव्यांदा. मग त्यांनी ते मागे न्यायचं बटण दाबलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. गाडी मागे गेली, परत पुढे आली, परत आपटली. परत दाबलं. परत. मला वाटलं, आता थांबतील, आता चिडतील, मला काहीतरी लागट बोलतील.

ते म्हणाले, "अगं, इकडे ये. माझं तोंड बघ. वाकडं झालंय का?"

मला कळेना. ते डाव्या हाताने उजवा गाल चाचपत होते. "काल होता गं पाय. काल नीट होता. परत आला वाटतं झटका. डॉक्टरांना फोन लाव." वस्तरा पडला त्या दिवशीसुद्धा हा माणूस घाबरला नव्हता. मी त्यांना घाबरवलं. नुसता पाय नाही, त्यांचा सगळा धीरच मी एका बटणाने काढून घेतला होता.

मी खाली बसले, त्यांच्या पायाशी, पेडलजवळ. म्हटलं, "झटका नाही, बाबा. काही झालेलं नाही. मी एक गोष्ट बंद केली. ती आधी चालू होती. गाडी आपोआप ब्रेक लावायची."

दुसऱ्या कुणाला हे समजवायला दहा मिनिटं लागली असती. बाबांना एक क्षणही लागला नाही. पस्तीस वर्षं त्यांनी दुसरं काय केलं होतं? पडद्यावर गाडी भिंतीला नाक लावून उभी होती. त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "किती वेळा?"

मी म्हटलं, "सगळ्या."

"पहिला आलो तेव्हा?"

"तेव्हाही."

मग म्हणाले, "डॉक्टर खरं काय म्हणाले होते?" मी तेही सांगितलं. त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत, तेच मला सोसवेना. मी रडत होते आणि ते माझ्या डोक्यावर हात ठेवून बसले होते, डावा हात, धडधाकट. शेवटी म्हणाले, "रोज सांगायचं असतं, बाळ. उतरायच्या आधी. नाहीतर माणूस खरंच रस्त्यावर जातो."

मग फोन घेतला आणि समोरच्या बाईंना स्वतः सांगितलं, "मॅडम, सोमवारचं जमायचं नाही. माझा पाय पोचत नाही. आपण दुसरीकडे शिका, मी नंबर देतो."

पुढे ते नेहमीसारखे वागले. चहात साखर कमी पडली की बोलले, पेपरवाल्याशी वाद घातला. पाच वाजता मात्र खिडकीत बसायचे. स्टिअरिंग आठवडाभर टेबलाला तसंच होतं, मग मी ते काढून माळ्यावर टाकलं. त्यांनी विचारलं नाही. मी दोनदा माफी मागितली, दोन्ही वेळा ते म्हणाले, "झालं ते झालं," आणि विषय बदलला. माझ्याशी बोलताना एक गोष्ट नवी सुरू झाली होती. मी काहीही सांगितलं, औषध संपलंय, वीज गेलीय, की ते क्षणभर माझ्याकडे बघायचे. खरं का, असं. मी त्या नजरेला पात्र होते. तरी लागायचं.

जूनमध्ये गाडी विकायचं त्यांनीच ठरवलं. कात्रजला त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा स्वतःचा क्लास आहे, त्याला हवी होती. मी म्हटलं, मी पोचवून येते. ते म्हणाले, "मी येतो." काठी मागे ठेवली आणि डावीकडे बसले. त्यांच्या सीटवर, त्या दोन पेडलसमोर. मी गाडी सुरू केली. अठराव्या वर्षी शिकले ती गाडी, तोच क्लच, थोडा वर सुटणारा.

गल्लीतून बाहेर पडलो आणि मला शेजारी धडपड ऐकू आली. बघितलं तर बाबा वाकले होते. त्यांनी चप्पल काढली होती. डावा पाय आधीच वर घेतला होता आणि आता दोन्ही हातांनी उजव्या पायाचा घोटा धरून तो सीटवर ओढत होते. पाय येत नव्हता. मी गाडी कडेला घ्यायला लागले तर म्हणाले, "समोर बघा, मॅडम. रस्ता समोर आहे." मला आयुष्यात त्यांनी कधी मॅडम म्हटलं नव्हतं.

सातारा रस्त्याला लागेपर्यंत त्यांची मांडी घालून झाली होती. कपाळावर घाम होता. दोन्ही हात मांडीवर ठेवून ते पुढे बघत होते. कात्रजच्या चौकात एक रिक्षा अचानक आडवी आली, मी करकचून ब्रेक लावला. आणि आधी त्यांच्याकडे बघितलं. पाय जिथे होते तिथेच होते.

विद्यार्थ्याच्या दारात गाडी लावली, किल्ली फिरवली, इंजिन बंद झालं. मी दार उघडायला हात घातला, तर बाबा म्हणाले, "थांब." उतरायच्या आधीचं त्यांचं सांगणं राहिलं होतं.

"आज एकदाही नाही," म्हणाले.

मग त्यांना मांडी सोडता येईना. मी पलीकडून आले, दार उघडलं, खाली बसून त्यांचा उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून बाहेर घेतला आणि चप्पल घातली.